तळ्यावरचे दोन जावई

नांदेडला परतून आठवडा झाला, तरी माझ्या स्वेटरला अजून आंबिलीचा आंबूस वास येतो. धुवायला टाकीन टाकीन म्हणतो आणि पुन्हा खुंटीला अडकवतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "दही सांडलं का हो?" मी म्हटलं, "नाही, सासुरवाडीला गेलो होतो. एका खुनाचा तपास होता." त्यांनी दार लावून घेतलं.

तर ही त्या तपासाची हकिगत. गावाचं नाव सांगत नाही, कारण गोष्ट खुनाची आहे आणि त्या गावात मला पुन्हा जेवायला जायचं आहे. देवणीच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकून बसलेलं गाव. खेडं म्हणावं तर बसस्टँड आहे, शहर म्हणावं तर स्टँडवर माणसांपेक्षा शेळ्या जास्त. उगवतीला मोठं तळं. डिसेंबरात सकाळी त्यावर धुकं असं बसतं, की पलीकडच्या काठावर कुणी खाकरलं तर आवाज येतो, माणूस दिसत नाही.

मी गेलो येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला. पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला हवं, की आमच्या लातूरकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला गावंच्या गावं ओस पडतात. चोर सोडून सगळे शेतात जातात, आणि चोरही बहुधा कुणाच्या तरी शेतात जेवत असतो. शेतात कडब्याचा कोप उभारायचा, म्हणजे ताटांची तिरकी खोपी, आणि तिच्या सावलीत दिवसभर जेवायचं. ज्याला शेत नाही त्यानं दुसऱ्याच्या शेतात जेवायचं. बांधावर उभ्या माणसाला उपाशी जाऊ द्यायचं नाही, मग तो ओळखीचा असो, परका असो, की कोर्टात तुमच्या विरुद्ध उभा असो.

दरवर्षी आम्ही दोघं जायचो. या वर्षी मी एकटा गेलो. सुनंदा उन्हाळ्यात गेली.

मेव्हण्याचा, दिलीपचा, फोन आला नसता तर मी निघालोच नसतो. लेकच नाही म्हटल्यावर जावई कशाचा जावई, हे मला त्या घरात कुणाच्या तोंडावर वाचायचं नव्हतं. पण दिलीप म्हणाला, "दाजी, येऊन राहिलाव ना? तात्या लई बेजार हायत. हितं खून झालाय."

देवणीच्या पुढं

नायगाव, देगलूर, उदगीर असा प्रवास बसनं केला. त्याबद्दल एवढंच सांगतो, की खिडकीला काच नव्हती आणि मी माकडटोपी घरी विसरलो होतो. उदगीरला उतरून मफलर घेतला. दुकानदार म्हणाला, "गुलाबीच राहिला बघा." तपासाला निघालेल्या माणसाच्या गळ्यात गुलाबी मफलर शोभत नाही, पण कान महत्त्वाचे.

खून झाला होता ‘लेकी’चा. ही लेक म्हणजे एक केशरी बदक. पुस्तकात यांना चक्रवाक म्हणतात. हिवाळ्यात हिमालयापलीकडून थवेच्या थवे आमच्या तळ्यावर येतात, होळीच्या सुमाराला परत जातात. बऱ्याच वर्षांपूर्वी सुनंदा माहेरपणाला गेली असताना तिला पंख मोडलेली एक मादी पाळूवर, म्हणजे तळ्याच्या मातीच्या भरावावर, सापडली. तिनं हळद लावली, चिंधी बांधली, आणि चार दिवसांनी माझ्याबरोबर निघताना वडिलांना म्हणाली, "तात्या, हिला जपा." पंख काही सांधला नाही. थवा उडून गेला, ही राहिली. गावानं नाव ठेवलं लेक. नांदायला न गेलेली लेक.

गंमत पुढं आहे. दिवाळीनंतर थवा परत आला की त्यातला एक नर थेट तिच्याकडं यायचा. हिवाळाभर तिच्या मागं मागं पोहायचा, आणि होळीला एकटा परत जायचा. गावानं त्याला नाव दिलं जावई. "बघा, आला न्यायला. ह्या साली तरी धाडा तिला!" मी सासुरवाडीला पोचलो की हॉटेलातली माणसं ओरडायची, "दोन नंबरचे जावई आले!" एक नंबरचा तळ्यात असायचा. तो दुरून आणि स्वखर्चानं येई, त्यामुळं त्याचा मान मोठा होता आणि माझी काही तक्रार नव्हती.

सुनंदा गेल्यावर तात्यांना ती लेक काय झाली असेल, हे सांगायला नको.

घरी पोचलो. शोभानं, म्हणजे दिलीपच्या बायकोनं, पायांवर गरम पाणी घातलं, जसं दरवर्षी घालते. दुसरा तांब्या भरावा का, अशी ती क्षणभर घुटमळली आणि तांब्या तसाच ठेवून आत गेली. तात्या ओसरीवर घोंगडी पांघरून बसले होते. टपालखात्यातनं निवृत्त झालेला माणूस, सगळ्या गावाची दारं पायांना पाठ. आता काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले आहेत, उजेड आणि अंधार तेवढा कळतो.

"कोन? जावईबापू का?"

"हो, मीच."

"एकटेच," तात्या म्हणाले. तो प्रश्न नव्हता. मग, "जेवा. मग सांगतो, आप्पानं काय केलं त्ये."

ओसरी

आप्पा म्हणजे शेजारच्या शेताचे हणमंतआप्पा. लिंगायत, गळ्यात लिंग, अंड्याच्या गाड्यावरून जाताना श्वास धरणारा माणूस. तात्यांचं घर बौद्ध, सकाळी त्रिशरण-पंचशील म्हटल्याशिवाय चहा नाही. दोघं एका पाटीवर शिकले, एका विहिरीत पोहले. पुढं बांधावरून भांडले आणि त्याच बांधावर बसून तंबाखू खाल्ली. येळवशीला आप्पांच्या कोपात चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव, असतात. तात्यांच्या कोपात पूजा नसते, वंदना असते. पण भज्जी इकडची तिकडं आणि खीर तिकडची इकडं जाते. आमच्या लग्नात आप्पांनी दोन दिवस वाढप केलं आणि माझ्या पानात सारखी बुंदी टाकून मला आजारी पाडलं.

घटना अशी. मागच्या आठवड्यात तात्या नेहमीसारखे पहाटे तळ्यावर गेले, ठरलेल्या दगडाजवळ लेकीला ज्वारी टाकली, घरी आले. अंघोळीला बसले आणि मधेच ओल्या अंगानं उठून तळ्याकडं धावले. शोभा टॉवेल घेऊन मागं. पाळूवर जाऊन बघते तर आप्पा हातात फावडं घेऊन उभे, पायाशी ताजी माती. लेक मातीखाली.

"मला म्हनला, कुत्र्यानं धरली," तात्या म्हणाले. "शोभे, पाळूवर पिसं हुती का?"

"न्हवती."

"रगत?"

"न्हाई, तात्या."

"कुत्र्यानं धरलं तर पिसं उडत न्हाईत व्हय? खोटं बोललाय त्यो. तिनं त्याचा हरभरा खाल्ला की म्हनायचा, हिला फाशी द्या, फाशी द्या. दिली." तात्या उठले, चाचपडत मोरीवर गेले आणि साबणानं हात धुऊ लागले. जेवण तासापूर्वीच झालं होतं. म्हातारपण, मी मनात म्हटलं.

यंदा येळवशीला आप्पांना बोलावणं गेलं नव्हतं. तात्या गावात सांगत होते, तो माणूस मला मेला. आणि गाव, ज्यानं आप्पांना कधी मुंगीवर पाय देताना पाहिलं नव्हतं, ते गावही आता आप्पांकडं तिरकं बघत होतं.

"दाजी, तुमीच काय त्ये शोधून काढा," शोभा हळूच म्हणाली. "तात्या दोन घास खाऊन उठतेत. तुमी खुनाची पुस्तकं वाचताव ना?"

वाचतो. पंचवीस वर्षं वाचतो आहे आणि आजपर्यंत एकही खुनी मला स्वतःला सापडलेला नाही. सुनंदा माझ्या आधी पुस्तक उघडायची, शेवटचं पान वाचायची आणि पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "माळी आहे बरं का." मी चिडायचो. तीही चिडायची, की अडीचशे पानं वाचून तुम्हाला तेच कळणार ना?

मी तपास हाती घेतला. शोभाला खडा सवाल टाकला, "त्या दिवसांत घरात आणखी काही विचित्र घडलं?"

"काय न्हाई. येळवशीसाठी घर सारवलं, फळीवरचे डबे इकडचे तिकडं केले. हां, पेरून उरलेलं बियाणं एका डब्यात हुतं, त्यो डबाच गायब हाय. कुनी नेला काय की."

किरकोळ चोरी, मी म्हटलं, तिचा खुनाशी संबंध नाही. एखादा चांगला गुप्तहेर इथंच उठून उभा राहिला असता. मी जेवणातलं उरलेलं धपाटं मागितलं.

तळ्याची पाळ

सकाळी तात्यांच्या मागं निघालो. थंडी अशी, की बोलायच्या आधी जबडा हातानं हलवून घ्यावा. तात्या पुढं, काठी न टेकता. त्यांच्या पायांना ती वाट येते. लेक राहिली नाही तरी ते रोज मूठभर ज्वारी नेतात. दगडाजवळ थांबले. मूठ नाकाशी नेली, बराच वेळ हुंगली, मग दाणे टाकले.

धुक्यातनं एक आवाज आला. जुनाट बिजागरीसारखा, दोनदा. मग थांबून पुन्हा दोनदा.

"त्यो बघा," तात्या म्हणाले. "सारखा हाका मारतोय. थव्यात जात न्हाई. हितंच फिरतो. रातभर."

मला तो दिसला नाही. धुकं होतं, आणि चष्म्यावर माझाच श्वास साचला होता. मी पुसला नाही.

तात्या परतल्यावर मी घटनास्थळाची पाहणी सुरू केली. पेपर वाचायचं भिंग मुद्दाम आणलं होतं. वाकून, भिंग डोळ्याला लावून पाच-सहा पावलं मागं सरकलो आणि पाळूवरून घसरून कमरेपर्यंत गाळात गेलो. तिथून निघण्यासाठी दगडाखालचं गवत धरलं, तर मुठीत मातीबरोबर काही दाणे आले. ज्वारीचे दाणे, पण गुलाबी. माझ्या मफलरासारखे गुलाबी.

मला एकदम उमगलं. करणी! कुणीतरी कुंकवात दाणे घोळून टाकले होते. मी ते रुमालात बांधले आणि गाळ निथळत, विजयी मुद्रेनं, पाळूवरच्या हॉटेलात शिरलो.

रशीदभाईंचं हॉटेल

"या अल्ला!" रशीदभाई म्हणाले. "दाजी, तपास वरून करतेत की आतून?"

त्यांनी मला भट्टीशी बसवलं. भट्टीच्या दुसऱ्या अंगाला एक तांबडा कुत्रा राखेत तोंड खुपसून झोपला होता.

"यही है क्या मुलजिम?" मी विचारलं.

"कोन, टायगर? ह्याच्यावर इल्जाम?" रशीदभाईंना खरंच राग आला. "दाजी, दिवाळीपासून ह्यो भट्टी सोडून हलला न्हाई. पाव फेका, तोंडापाशी पडला तर खातो. सुबह को तो उसकू उठाके झाडना पडता. उस दिन भी यहींच था, मेरी कसम."

म्हणजे कुत्रा सुटला. आणि आप्पा खोटं बोलले होते, हे पक्कं झालं.

"रशीदभाई, तुम्हाला काय वाटतं? आप्पांनी मारली?"

त्यांनी चहा दोनदा वरखाली केला. "आप्पा त्या सकाळी हितनं गेले, हातात डबा हुता. मी म्हटलं, चाय? तर बोलले न्हाईत. रोते थे. अब बोलो, मारनेवाला रोता क्या?"

आप्पांचा बांध

आप्पा शेतात एकटेच कोप बांधत होते. शाळू हुरड्यावर आलेला, वाऱ्यानं सळसळत होता. दरवर्षी दोघं म्हातारे मिळून दोन कोप बांधतात, आधी एकाचा, मग दुसऱ्याचा, म्हणून ते जुळ्या भावांसारखे दिसतात. यंदा तात्यांचा दिलीपनं बांधला होता, पण सवयीनं त्याच मापाचा, त्याच जागी, बांधाच्या अल्याड.

"या पाव्हणं," आप्पा म्हणाले आणि माझ्या विजारीकडं पाहिलं. "तळं खोल हाय का बघत हुताव?"

त्यांनी पुढं केलेलं पाणी मी घेतलं नाही. रुमाल सोडला आणि पुस्तकात करतात तसा एकदम त्यांच्यापुढं धरला. "आप्पा, ही करणी कुणी केली?"

आप्पांनी दाणे पाहिले. त्यांनी रुमाल माझ्या हातातून ओढला, घट्ट गुंडाळला आणि इकडंतिकडं पाहिलं.

"तात्याला दावलं का?"

"नाही."

"हात लावला का तोंडाला?"

"नाही."

"बसा. ही करनी न्हाई, बाबा. बियाणं हाय. पेरायच्या आधी औषध चोळतेत, कीड लागू नये म्हनून. खाल्लं की मेलं."

ते कडब्यावर बसले. बोलताना माझ्याकडं बघत नव्हते, बांधापलीकडं बघत होते.

"शोभानं सारवताना डबे हलवले. बिचारीच्या ध्यानात न्हाई. ज्वारीच्या जागी बियाण्याचा डबा आला. तात्यानं अंधारात मूठ भरली. त्याला गुलाबी काय अन् पांढरं काय. मी मोटर लावाया आलो तर ती दगडापाशी मान टाकून पडलेली. तोंडात दाणा. मी लगी लगी सगळे येचले, तिला पुरली, तर त्यो पळत आला, ओल्या अंगानं. काय सांगू? तोंडात कुत्रंच आलं. मग घरी कुनी नसताना जाऊन डबा उचलून आनला, पुन्हा मूठ भरू नये म्हनून."

"पण आप्पा, खरं सांगून टाकायचं. चूक आहे, कुणाच्याही हातून..."

"तुमाला कळून न्हाई राहिलं." पहिल्यांदा ते माझ्याकडं वळले. "साठ वर्सं मी ऐकतोय. रोज सकाळी त्यो काय म्हनतो? मी जीवहत्या करनार न्हाई. पहिलं शील. मी कोळप्याखाली गोम मारली तर चार दिवस मला बोलत नव्हता. अन् नंदीनं, तुमच्या सुनंदानं, सासरी जाताना हातात दिल्याली लेक. त्याला मी सांगू, तुज्या हातानं मेली?"

वाऱ्यानं कोपाची ताटं कुरकुरली.

"मला शिव्या घालतोय, घालू दे. मानसावर राग धरला की मानूस जगतो. सोतावर धरला की..." त्यांनी हात झटकला. "तुमी सांगनार न्हाईत. शपथ घ्या लेकीची."

मी शपथ घेतली. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःला खुनी सापडला होता, आणि तो कुणाला सांगायचा नव्हता.

त्या रात्री जेवताना मी हात पुसायला सहज उजवीकडं वळलो. पदर नव्हता. पंचवीस वर्षांची घाणेरडी सवय. शोभानं पंचा पुढं केला.

येळवस

आता जेवणाबद्दल सांगायला हवं, कारण त्यासाठीच मी जातो असं सुनंदा सगळ्यांना सांगायची, आणि ते खरं होतं.

भज्जी म्हणजे तुमची कढईतली भजी नव्हेत. तुरीचे हिरवे दाणे, वाटाणा, पावटा, हरभऱ्याचा पाला, मेथी, चंदनबटवा, शेतात जे हिरवं उभं असेल ते सगळं ताक-बेसनात रटरटवलेलं. त्यात कुस्करायचे बाजरीचे उंडे, म्हणजे वाफवलेले गोळे. तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर, वांग्याचं भरीत. आणि या सगळ्यावर आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली, लसणाची, मातीच्या बिंदगीतली, म्हणजे लहान घागरीतली. थंडगार. एक वाटी पिली की माणूस शहाण्यासारखा बोलतो, दोन पिली की गप्प होतो, तिसरीनंतर आडवा. नांदेडला आम्ही घरी करून पाहिली. सुनंदा चव घेऊन म्हणाली, "सगळं आहे, शेत नाही." आणि ओतून दिली.

सकाळीच गाव ओस पडलं. स्टँडवरच्या शेळ्यासुद्धा कुणीतरी नेल्या होत्या. आम्ही कोपात वंदना म्हटली. तात्यांचा आवाज पहिल्या शीलापाशी अडखळला. पुढचं शोभानं म्हटलं. मला आता ते सगळं कळत होतं, आणि आपल्याला काही कळू नये असं मला फार वाटत होतं.

पलीकडं, हाकेच्या अंतरावर, आप्पांच्या कोपात आप्पा आणि त्यांची म्हातारी मथुराकाकू, दोघंच. त्यांचा मुलगा बेंगळुरूला. दरवर्षी या दोन कोपांमधली वाट जाऊन येऊन मळलेली असायची. यंदा तिच्यावर हरभरा तसाच उभा होता.

मथुराकाकूंनी पांडवांना नैवेद्य दाखवला. आप्पांनी शेताभोवती आंबील शिंपडत फेरी घातली, ती कानडी-मराठी मिसळीची आरोळी ठोकत, जिचा अर्थ इकडच्या कुणालाच धड सांगता येत नाही. पण आरोळी एकट्यानं द्यायची नसते. एकानं अर्धी म्हणायची, दुसऱ्यानं पुरी करायची. आप्पा अर्धी म्हणत आणि थांबत. मग तीच पुन्हा.

तात्यांचं ताट तसंच होतं.

मी तिसरी वाटी पिलो. माझं ठरलं होतं, की जेवण झाल्यावर तात्यांना बाजूला घेऊन काहीतरी गोलमाल सांगायचं, साप चावला वगैरे. साप डिसेंबरात बिळात असतात हे दिलीपनं आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून दुसरं काही सुचेपर्यंत डोळे मिटले. आणि, लाजेनं सांगतो, झोपलो.

शोभानं हलवून उठवलं. "दाजी! तात्या कुठंयत?"

उन्हं कलली होती. तात्यांची घोंगडी रिकामी. आधी तळ्याकडं नजर गेली. मग दिसलं. बांधाच्या पल्याड हरभऱ्यातून एक ताजी वाट गेली होती. तात्या आप्पांच्या कोपाच्या तोंडाशी वाकून आत शिरत होते.

"चुकले! कोप सारखेच हायत ना," शोभा म्हणाली आणि आम्ही धावलो. मी अनवाणी, एका पायात काटा.

पोचलो तेव्हा तात्या मांडी घालून बसले होते. आप्पा अवघडून उभे. मथुराकाकूंच्या हातात पळी, तशीच अधांतरी.

"तात्या," आप्पा म्हणाले, "ह्यो माझा कोप हाय."

"म्हाईत हाय. चुन्याचा वास येतोय तुज्या पांडवांचा. डोळे गेल्यात, नाक न्हाई गेलं." तात्यांनी पुढं हात केला. "वहिनी, वाढा. येळवशीला बांधावर आल्यालं मानूस हाय."

काकूंनी वाढलं. तात्यांनी उंडा कुस्करला, भज्जी कालवली आणि जेवायला लागले. आम्ही दोघं कोपाच्या तोंडाशी उभे. अर्धं ताट झाल्यावर तात्या म्हणाले, "आप्पा, त्या दिशी मला सर्दी हुती."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी जोरात मान हलवली, मी नाही सांगितलं.

"नाक बंद. घरी आलो, गरम पान्याची वाफ लागली, नाक सुटलं. हाताला औषधाचा वास. तवाच कळलं मला. पळत आलो तर तू फावडं घिऊन."

"तुला... ठावं हुतं?" आप्पा मटकन बसले. "तुला ठावं हुतं, तात्या? मग मला आठ दिस गावभर शिव्या का घातल्यास, भाड्या?"

काकू म्हणाल्या, "आवो, येळवशीचं तरी नीट बोला."

"तू कुत्रं म्हनालास म्हनून." तात्यांचा हात ताटात थांबला. "मला वाटलं, सगळं जग खोटं बोलंल, आप्पा खरं सांगंल. म्हनंल, तात्या, तुज्या हातानं गेली. मग मी रडलो असतो. तू बी रडला असतास. संपलं असतं. एकट्याला सांगाया ईना मला. एकट्याला रडाया ईना. आठ दिस वाट बघितली तुजी."

शोभा खाली बसली. तिला आता डब्याचं कळलं होतं. तिनं तोंडाला पदर लावला. तात्यांनी आवाजाच्या अंदाजानं तिच्याकडं हात केला. "तुजं काय न्हाई त्यात, पोरी. मूठ माझी हुती."

"सांग की मग आता," तात्या आप्पांना म्हणाले. "मला ऐकायचंय."

आप्पांना दोन वेळा प्रयत्न करावा लागला. "तात्या," ते म्हणाले, "तुज्या हातानं गेली रं. नंदीची लेक. गुमान गेली. दगडापाशी. तुज्या वाटंकडं तोंड हुतं."

मग ते दोघं म्हातारे पाच पांडवांसमोर लहान पोरांसारखे रडले. मी बाजूला झालो. पायातला काटा काढायचा होता. बराच वेळ लागला.

संध्याकाळी आप्पांनी राहिलेली फेरी पुन्हा घातली. अर्धी आरोळी त्यांनी दिली, आणि उरलेली अर्धी सकाळच्या वंदनेच्या सुरात तात्यांनी पुरी केली. फार बेसूर होती.

पुन्हा पाळ

दुसऱ्या सकाळी माझी बस होती. शोभानं उंडे, पोळ्या आणि नको नको म्हणताना आंबिलीचा डबा बांधला. तोच पुढं उदगीरच्या वळणावर माझ्या स्वेटरवर सांडला. टॉवेल-टोपीही ठेवली, जावयाला ठेवतात तशी. मी म्हटलं, "शोभा, आता हे कशाला?" ती म्हणाली, "एक नंबरचे बी आलेच ना ह्या साली? त्यांना कुनी इचारलं का, कशाला आलाव?"

निघायच्या आधी आम्ही तिघं तळ्यावर गेलो, तात्या, आप्पा आणि मी. धुकं जरा विरळ होतं. तो दगडापासून लांब, एकटाच, पाण्यावर होता. पहिल्यांदा नीट दिसला. केशरी, मान ताठ. दोनदा ओरडला, थांबला, काठाकडं पाहिलं, पुन्हा दोनदा.

मला वाटलं, परत जाऊन सुनंदाला सांगायला हवं, की या खेपेला शेवटच्या पानापर्यंत मी स्वतः पोचलो. आणि खुनी माळी नव्हता.

तात्यांनी पिशवीतून मूठ भरली. टाकली नाही. आधी आप्पांच्या नाकापुढं धरली. आप्पांनी गंभीरपणे हुंगली आणि म्हणाले, "ज्वारी." मग तात्यांनी चाचपत मूठ माझ्याकडं वळवली.

"जावईबापू, तुमी बी बघा. आता दोघांनी हुंगल्याबिगर टाकत न्हाई मी."

मी वाकलो. ज्वारीचा वास होता, आणि तात्यांच्या हाताला लागलेला थोडा साबणाचा.

"ज्वारीच आहे, तात्या," मी म्हटलं.

"टाकू?"

"टाका."